पाच नंबरचा मामा: अबोल, अभ्यासू माणूस समजून घेताना

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा साखरपुडा होता. हॉलमध्ये दोनशे माणसं, कानाशी स्पीकर आणि फोटोग्राफरची "जरा इकडे बघा" चालू. धाकटा मामा कुठे दिसेना. मामी वैतागून म्हणाली, "बघ गं, तुझा मामा कुठे गडप झालाय ते." शोधत शोधत मी हॉलच्या मागच्या बाजूला गेले, तर मामा जनरेटरपाशी उभा. ऑपरेटरशी गप्पा रंगल्या होत्या. तासाला डिझेल किती लागतं, लोड एकदम वाढला की आवाज का बदलतो, एसी एका फेजवर आणि लाइटिंग दुसऱ्या फेजवर का टाकलंय. आत व्याह्यांशी "नमस्कार, प्रवास बरा झाला ना?" यापलीकडे ज्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तो माणूस बाहेर अर्धा तास न थांबता बोलत होता.

त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर भाचीने एक चाचणी टाकली. चौदा प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग तुम्ही कोणत्या नंबरचे ते कळतं. मामाची उत्तरं तिनेच भरली आणि जाहीर केलं, "मामाआजोबा पाच नंबर!" त्यावर मावशीने विचारलं, "पाच नंबर म्हणजे चांगलं की वाईट?"

प्रश्न रास्त आहे. या चाचण्या आता सगळीकडे झाल्या आहेत. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये असतात, मुलांच्या करिअर-सल्ल्यात असतात, आणि लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाखाली चार इंग्रजी अक्षरं लिहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा अबोल, पुस्तकात किंवा यंत्रात डोकं घालून बसणारा, माणसांपेक्षा माहितीत रमणारा हा जो स्वभाव आहे, तो नेमका काय आहे ते जरा नीट बघू.

पाच नंबर आला कुठून?

या पद्धतीचं नाव एनियाग्राम. एक वर्तुळ, त्यावर नऊ बिंदू, प्रत्येक बिंदू म्हणजे एक स्वभाव. ही आकृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुर्जिएफ नावाच्या गूढवादी गुरूने आपल्या शिष्यांपुढे मांडली. तिला स्वभावांची जोड नंतर मिळाली. ऑस्कर इचाझो याने चिलीमधल्या अरिका गावात ती शिकवली आणि क्लाउदिओ नारांहो या चिलीच्याच मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास ती अमेरिकेत बर्कलीला नेली. म्हणजे ही काही हजारो वर्षांची गुप्त विद्या वगैरे नाही. या स्वरूपात तिचं वय आमच्या मामापेक्षा कमीच भरेल.

या पद्धतीत प्रत्येक स्वभावाला एक दोष जोडलेला आहे, ख्रिस्ती परंपरेतल्या महापातकांच्या धर्तीवर. आपल्या षड्रिपूंसारखंच म्हणा. पाचव्या नंबराच्या वाट्याला आला लोभ. पैशाचा नव्हे. मामाच्या खिशातून पैसे कोणीही काढावेत. हा लोभ स्वतःच्या वेळेचा, ताकदीचा, एकांताचा आणि माहितीचा. कंजुषी म्हटलं तर जास्त बरोबर होईल. जग खूप मागतं आणि आपल्याकडे थोडंच आहे, अशी या माणसाची आतून समजूत असते. म्हणून तो दोन गोष्टी करतो. स्वतःच्या गरजा कमी करतो, म्हणजे कुणाकडे मागावं लागणार नाही. आणि माहिती साठवतो, म्हणजे वेळ आली तर उघडं पडावं लागणार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत नळाला सकाळी सहा ते सात पाणी यायचं. त्या तासात पिंप, कळशा, बादल्या, अगदी मोठी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. कोपऱ्यावरच्या वाड्यात बोअर होती, त्यांना पाण्याचा विचारही करावा लागत नसे. आमच्याकडे पाहुणे आले आणि हातपाय धुवायला बसले की आईची नजर पिंपाकडे जायची. पाहुणे तिला नकोसे होते का? मुळीच नाही. पण पिंपात पाणी किती उरलंय याचा हिशेब तिच्या डोक्यातून जात नसे.

पाच नंबरचं वर्णन म्हणजे हेच पिंप. शरीरात अशी टाकी कुठे नसते, ही फक्त उपमा आहे. पण लग्नाच्या हॉलमध्ये मामाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पिंपाकडे बघणाऱ्या माणसाचं भान असतं. त्याला लोक तिरस्कार म्हणतात.

पण हे शास्त्र आहे की राशिभविष्य?

एनियाग्रामला संशोधनाचा आधार फारसा भक्कम नाही. स्वभावाला चार इंग्रजी अक्षरांचं नाव देणाऱ्या एमबीटीआय चाचणीचीही गोष्ट तशीच. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल या मायलेकींनी रचली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांनी आधार घेतला स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीचा. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी युंगने तिथेच रूढ केली. एमबीटीआयची अडचण अशी की काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. रक्तगट असा बदलत नाही.

मग वाचताना "अगदी माझंच लिहिलंय!" असं का वाटतं? १९४९ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याचा छान छडा लावला. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. गंमत अशी की सगळ्यांना दिलेला कागद शब्दन्‌शब्द एकच होता, आणि त्यातला बराचसा मजकूर स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण ती तुम्ही पुरती वापरलेली नाही. कधी तुम्ही मोकळेढाकळे असता, कधी हात राखून वागता. हे कुणाला लागू पडणार नाही?

म्हणून नंबर हा आडनावासारखा चिकटवून घ्यायचा नसतो. तो फार तर गल्लीच्या तोंडावरची पाटी, घर त्यापुढे आपणच शोधायचं.

एक स्वभाव नाही, दोन धागे

संशोधक आज ज्याच्यावर जास्त भरवसा ठेवतात त्या पद्धतीला बिग फाइव्ह म्हणतात. तिची सुरुवात शब्दकोशातून झाली. माणसामाणसांतला फरक महत्त्वाचा असेल तर भाषेने त्याला शब्द दिलेलाच असणार, या विचाराने ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेचले. पुढच्या पिढ्यांनी ते गाळत, एकमेकांत मिसळणारे एकत्र करत पाच मोजपट्ट्यांपर्यंत आणले.

आपल्या कामाच्या त्यातल्या दोनच. एक बहिर्मुखतेची, म्हणजे माणसांची आणि गजबजाटीची ओढ किती. दुसरी नव्या अनुभवांबद्दलच्या आणि कल्पनांबद्दलच्या खुलेपणाची. या दुसरीच्या जवळ जाणारी आणखी एक कल्पना कॅसिओपो आणि पेटी यांनी १९८२ मध्ये मांडली. तिला आपण विचारांची भूक म्हणू. डोक्याला ताण देणारं काम काही जणांना शिक्षा वाटतं, काही जणांना मेजवानी.

मुद्दा असा की या दोन पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. भाजीत तिखट किती यावरून मीठ किती ते कळत नाही, तसंच. बोलघेवडा आणि जिज्ञासू माणूस असतो. दर गावात एक असा गाइड असतो की एक प्रश्न विचारा, अख्खा किल्ला ऐका. अबोल पण कशाचंही कुतूहल नसलेला माणूसही असतो, आणि तो आपल्या जागी सुखी असतो. इतिहासाचार्य राजवाड्यांचं उदाहरण घ्या. पत्नी तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केलं नाही, गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. ज्ञानाची भूक प्रचंड, आयुष्य एकट्याचं. पण अबोल? त्यांची फटकळ लेखणी ज्यांच्यावर चालली त्यांना विचारायला हवं होतं.

आमचा मामा म्हणजे पहिल्या पट्टीवर खाली आणि दुसऱ्या पट्टीवर वर. दोन धाग्यांची गाठ. आणि पट्टी म्हटली की बहुतेक लोक मधल्या भागात येतात, उंचीसारखंच. सहा फुटांवरचे थोडे, पाच फुटांखालचे थोडे, बाकी सगळी गर्दी मध्ये. चाचणीवाले मात्र मधेच एक रेघ मारतात आणि रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन शेजाऱ्यांना दोन वेगळ्या जातींचं ठरवतात.

लिंबाचा थेंब

हे सगळं वळणावर जातं की शरीरातच काही असतं? दोन्ही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की स्वभावातल्या फरकांचा साधारण ४० ते ५० टक्के भाग अनुवंशाशी जोडलेला आहे.

हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाची कल्पना अशी होती की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे बाहेरची थोडीशी चेतनाही त्याला पुरते. हे तपासायची एक घरगुती वाटावी अशी रीत निघाली. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकायचे आणि लाळ कापसाने टिपून तिचं वजन करायचं. सरासरीने अंतर्मुखांच्या तोंडाला पाणी जास्त सुटलं. तेव्हा कांदेपोह्यांवर लिंबू पिळताना मुलाकडे बारीक लक्ष ठेवायला हरकत नाही. थट्टा बाजूला ठेवू, कारण फरक सरासरीचा आहे, एकट्यादुकट्याबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही, आणि मेंदूचं गणित आयझेंकला वाटलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं.

मला त्याहून पटतो तो रसेल गीन या संशोधकाचा १९८४ सालचा प्रयोग. त्याने लोकांना आवाजाच्या सोबतीत शिकण्याचं एक काम दिलं आणि आवाज किती ठेवायचा हे ज्याचं त्याला ठरवू दिलं. अंतर्मुखांनी कमी ठेवला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोघांचं काम सारखंच चांगलं झालं. मग अदलाबदल केली. मोठ्या आवाजात अंतर्मुखांचं काम बिघडलं, आणि शांततेत बहिर्मुखांचंही बिघडलं.

शेवटचं वाक्य आपण नेहमी विसरतो. शांत खोलीत कोंडलेल्या बडबड्या मुलाचीही तीच परवड होते. दोघांचा रेडिओ चांगला असतो, आवाजाचं बटण फक्त वेगळ्या जागी असतं.

आपल्या भाषेतला घोटाळा

इंग्रजीचा शब्दकोश चाळला गेला, तर मराठीचाही चाळून बघू. न बोलणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. बुजरा, भिडस्त, घुमा, शिष्ट, एकलकोंडा, माणूसघाणा, मुखदुर्बळ. मामाला आजवर यातले सगळे लावून झाले आहेत. पण प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाचा आहे.

बुजऱ्याला भीती वाटते. त्याला लोकांत जायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने पाय अडतो. मामाला ती धास्ती नाही. अनोळखी ऑपरेटरशी तो सरळ जाऊन बोलला. भिडस्ताला नाही म्हणता येत नाही. मामा इतक्या सहज नाही म्हणतो की मामीला मागाहून सारवासारव करावी लागते. घुम्याच्या मनात काहीतरी साचत असतं, तो राग धरून गप्प बसतो. मामा गप्प असतो तेव्हा बहुधा कसल्यातरी बेरजा करत असतो. शिष्ट माणूस समोरच्याला कमी लेखून बोलत नाही. माणूसघाण्याला माणसंच नको असतात.

एकलकोंडा हा त्यातल्या त्यात जवळचा. पण त्यातही एक दयेचा सूर आहे, जणू एकटं बसलेला माणूस कुणीतरी टाकून दिलेलाच असतो. एकटं असणं आणि एकटं पडणं यांत फरक आहे, आणि तो ज्याचा त्यालाच सांगता येतो. अबोल हा शब्द मला सगळ्यांत सभ्य वाटतो. तो फक्त दिसतं तेवढं सांगतो, कारण चिकटवत नाही.

आणखी दोन गोष्टींची गल्लत करू नये. पहिली स्वमग्नता. ती मेंदूच्या घडणीशी जोडलेली, लहानपणापासूनची वेगळी अवस्था आहे, तिची पारख तज्ज्ञाने करायची, व्हॉट्सॲपवरच्या भाचीने नव्हे. दुसरी नैराश्य. अबोल माणूस कालही अबोल होता आणि आपल्या छंदात खूश होता. पण तोच माणूस पुस्तक उघडेनासा झाला, झोप-जेवण बिघडलं, आवडीचं काहीच आवडेनासं झालं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर "त्याचा स्वभावच तसा" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या. स्वभाव हा पाया असतो. पाया एका महिन्यात हलत नाही.

भिंतीबाहेरून पृथ्वी तोलणारा

हा स्वभाव टोकाला गेलेला बघायचा असेल तर हेन्री कॅव्हेंडिश. जन्म १७३१, मृत्यू १८१०. इंग्लंडातल्या बड्या उमराव घराण्यातला, अफाट श्रीमंत. हायड्रोजनचे गुणधर्म त्याने १७६६ मध्ये मांडले. कपडे जुन्या चालीचे, आवाज चिरका. जेवणात काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. मोलकरणींनी समोर यायचं नाही, आणि त्या भेटू नयेत म्हणून घराला मागचा वेगळा जिना करवून घेतला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. आपला ग्रंथसंग्रह त्याने राहत्या घरापासून दूर लंडनमध्ये ठेवला होता. अभ्यासकांना तो खुला होता, फक्त ते घरी येऊन थडकणार नाहीत एवढी सोय. स्वतः पुस्तक नेलं तरी वहीत नोंद करायचा.

माणूसघाणाच ना? थांबा. हाच कॅव्हेंडिश रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सदस्यांच्या साप्ताहिक जेवणाला वर्षानुवर्षं नेमाने जायचा. विषय ठरलेला, माणसं ठरलेली, वेळ ठरलेली. पिंपातून किती पाणी जाणार ते आधी माहीत.

त्याचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग १७९७-९८ चा. एका तारेला आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या टोकांना शिशाचे छोटे गोळे, त्यांच्याजवळ आणलेले प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे मोठे गोळे. मोठा गोळा छोट्याला किती ओढतो ते मोजायचं, त्यावरून पृथ्वीची घनता काढायची. ओढ इतकी सूक्ष्म की माणसाच्या अंगाच्या उबेने हवा हलली तरी माप चुकावं. म्हणून त्याने यंत्र बंद खोलीत ठेवलं आणि भिंतीबाहेर उभं राहून दुर्बिणीतून वाचन घेतलं. उत्तर आलं पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१ आहे. खोलीत न शिरता, कशालाही धक्का न लावता, बाहेरून नीट बघत राहायचं. हा स्वभाव कामाला लागला की काय होतं ते याहून स्पष्ट मी दाखवू शकत नाही.

आता दुसरी बाजू. विजेच्या दोन भारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हा नियम आपण कूलॉमच्या नावाने शिकलो. त्याने तो १७८५ मध्ये मांडला. कॅव्हेंडिशने तो त्याआधी, १७७० च्या दशकातच, प्रयोगाने पडताळला होता. ओहमच्या नियमाच्याही तो अर्ध्या शतकाआधी जवळ पोचला होता. विजेचा झटका किती जोराचा लागतो ते स्वतःच्या अंगावर घेऊन, त्यावरून प्रवाहाचा अंदाज करून! आणि हे सगळे कागद कपाटात पडून राहिले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ते संपादून छापले १८७९ साली. कॅव्हेंडिशला जाऊन तेव्हा ६९ वर्षं झाली होती आणि तोवर दुसऱ्यांनी तेच सगळं पहिल्यापासून शोधून काढलं होतं.

नारांहोने लोभ हा शब्द का वापरला ते मला इथे पटलं. या स्वभावाची खरी किंमत साखरपुड्यात न बोलण्याने मोजायची नसते. व्याह्यांशी चार शब्द कमी बोलल्याने जगाचं काही अडत नाही. किंमत मोजावी लागते ती साठवलेलं बाहेर न काढल्याने. अजून थोडं तपासू, अजून एक पुस्तक वाचू, अजून नक्की झालेलं नाही. पोहण्यावरची दहा पुस्तकं वाचून काठावर बसलेला माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मामाने घर घेण्याआधी चार वर्षं तुलनेचा तक्ता केला. तक्ता अप्रतिम होता. त्या चार वर्षांत भाव कुठे गेले ते मामी सांगेल.

मग असल्या मुलाला बोलतं करायला नको का?

हा आक्षेप आई-वडलांचा, आणि त्यात तथ्य आहे. एकीकडे "आमचा तसाच आहे" म्हणून मुलाला प्रत्येक प्रसंगातून सोडवणं, दुसरीकडे पाहुण्यांसमोर उभं करून "म्हण ना रे ती कविता". दोन्ही नडतं. हार्वर्डच्या जेरोम केगनने चार महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात करून मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं. नव्या गोष्टीने जी बाळं फार अस्वस्थ होत, साधारण पाचातलं एक, त्यांच्यातली बरीच पुढे बुजरी, सावध झाली. पण ज्यांच्या पालकांनी त्यांना फार झाकून न ठेवता हळूहळू नव्या गोष्टींना सामोरं जाऊ दिलं, त्यांची भीती पुष्कळ ओसरली. हे भीतीबद्दल आहे, अबोलपणाबद्दल नव्हे. भीती कमी करता येते. ती गेल्यावरही मूल शांतच राहिलं, तर ते त्याचं आहे.

मोठ्यांच्या बाबतीत एक गमतीदार गोष्ट दिसली आहे. जास्त बोलकं, मिसळणारं वागल्यावर कसं वाटेल, याचा अंदाज अंतर्मुख माणसं बांधतात तेव्हा तो बहुतेकदा प्रत्यक्षापेक्षा वाईट असतो. जाऊन आल्यावर "बरं वाटलं" म्हणतात. मामाही म्हणतो. म्हणजे स्वतःला ओळखण्यात तरबेज असलेला हा माणूस इथे चुकतो. पण म्हणून त्याला रोज ढकलावं असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं. सरासरीने लोक आनंदी झाले, पण जे मुळात फार अंतर्मुख होते त्यांना तो फायदा कमी मिळाला, दमायला झालं आणि आपण नाटक करतोय असं वाटत राहिलं. एक संध्याकाळ चालते. सलग सात दिवस म्हणजे पिंप कोरडं.

भावना नसतातच का यांना?

हा आक्षेप बायकोचा. कधी नवऱ्याचाही, कारण अशा बायकाही पुष्कळ असतात. बायकांनी गप्प राहिलेलं आपल्याला सोशिकपणा वाटतं, म्हणून त्या मोजल्या जात नाहीत, एवढंच.

भावना असतात, पण पोच उशिरा मिळते. भांडण रात्री होतं, त्यावर नेमकं काय वाटलं हे त्याला परवा आंघोळ करताना कळतं. तोवर समोरच्याचा निष्कर्ष काढून झालेला असतो. अशा माणसाला "आत्ताच्या आत्ता बोल" म्हणण्यापेक्षा "उद्या रात्री यावर बोलू" म्हणणं कामाचं असतं. मात्र उद्या बोलायचं, हे त्यानेही पाळायला हवं. मुदत मागून घेणं वेगळं आणि बुडवणं वेगळं.

शिवाय दार नेहमी तोंडाचंच असतं असं नाही. जी. ए. कुलकर्ण्यांचं उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको. धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले, सभा-समारंभ टाळले, लोकांना लक्षात राहिला तो काळा चष्मा. भेटायला गेलेल्यांना माणूस अप्राप्य. आणि त्याच माणसाची पत्रं? इतकी लांब, इतकी भरभरून की पुढे त्यांचे खंड निघाले. भेटीत जे दार बंद होतं ते कागदावर सताड उघडं होतं. तुमच्या घरातल्या अबोल माणसाचा कागद कोणता, ते शोधायला लागतं. कुणाचा मेसेज असतो, कुणाचा बुद्धिबळाचा पट, कुणाचं तुमच्या गाडीची हवा न सांगता तपासून ठेवणं.

बोलायचं कसं?

कॅव्हेंडिशच्या ओळखीचा वोलॅस्टन नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने याची रीत सांगून ठेवली आहे: त्याच्याकडे बघायचंच नाही, समोरच्या पोकळीशी बोलावं तसं बोलायचं, मग तो सुरू होण्याची शक्यता असते.

दोनशे वर्षांनंतरही यात बदल करावा असं मला काही दिसत नाही. समोरासमोर सोफ्यावर बसून "काय मग, काय विशेष?" विचारलं की मामाचं दार बंद. 'काय विशेष'ला उत्तर काय देणार, विशेष काहीच नसतं. त्याऐवजी शेजारी उभं राहायचं आणि दोघांनी मिळून तिसऱ्या कशाकडे तरी बघायचं. बिघडलेला मिक्सर, पावसाचं आभाळ, टोलनाक्याची रांग. जनरेटर. गाडीत पुढच्या सीटवर मामा जेवढा बोलतो तेवढा वर्षभरात घरी बोलत नाही, कारण दोघांच्या नजरा रस्त्यावर असतात. आजी गेल्यानंतर तिच्याबद्दल तो पहिल्यांदा बोलला तेही खंबाटकी घाटात, एका ट्रकच्या मागे अडकलो होतो तेव्हा. मी मान वळवली नाही.

फॅमिली ग्रुपवर मावशीचा प्रश्न तीन दिवस तसाच होता. चौथ्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मामाचा मेसेज आला. "चौदापैकी चौथा आणि अकरावा प्रश्न एकच आहे, फक्त शब्द बदलले आहेत. त्यामुळे निकाल ग्राह्य धरू नये. शिवाय उत्तरं मी दिलेली नाहीत." त्याखाली, एक ओळ सोडून: "त्या जनरेटरला तासाला बारा लिटर लागतं. लग्नाचा हॉल ठरवताना डिझेल भाड्यात धरलंय का ते आधी विचारा. कार्यक्रम छान झाला."